सावर्ड्याच्या काकांना : कोरड्या फडक्याबद्दल

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. त्यामुळे नुसतं ‘धन्यवाद’ लिहून सुटका करून घेणं बरं वाटलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात रस्त्यावरची कच आणि धूळ गाडीच्या रंगाला ओरखडे न पाडता कशी काढावी, यावर मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की हे सगळं बर्फाच्या देशांतलं ज्ञान आहे, गोव्यात रस्त्यावर मीठ टाकतो कोण? ते स्वतः पद्मिनीपासून आजच्या गाडीपर्यंत रोज सकाळी कोरडं फडकं मारत आले आणि गाडी अजून चकाकते. दोन बादल्या, फेस, मायक्रोफायबर ही पैसेवाल्यांची थेरं. शिवाय एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला गाडी धुवायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

मिठापासूनच सुरुवात करू. इंग्लंड-कॅनडात रस्ता गोठू नये म्हणून मीठ पसरतात, बऱ्याच ठिकाणी जोडीला वाळूही. तिथल्या गाडीवाल्याला खरी धास्ती असते ती पत्रा गंजण्याची. पण मीठ पाण्यात विरघळतं. पाण्याचा फवारा मारला की त्यांचं निम्मं काम झालं. आपली लाल धूळ विरघळत नाही, ती नुसती भिजते. म्हणजे या एका बाबतीत तरी आपली परिस्थिती त्यांच्याहून वाईट.

तुम्ही सावर्ड्याचे. खनिजाच्या ट्रकांमागून कुडचड्यापर्यंत जाऊन आलेल्या गाडीचं बॉनेट कसं दिसतं, हे मी तुम्हाला काय सांगणार? ती धूळ चिमटीत घेऊन चोळून बघा. आधी पिठासारखी मऊ लागते आणि मग एखादा कण मधेच करकरतो. सगळी भानगड त्या कणात आहे. आपलं खनिज प्रामुख्याने हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स पट्टीवर ते साधारण ५.५ ते ६.५ वर येतं. त्यात वाळूचे कण मिसळलेले असतात, म्हणजे क्वार्ट्झ, ते ७ वर. खिडकीची काच ५.५ च्या आसपास. म्हणजे हे कण काचेलाही ओरखडतात, मग रंगाचं काय घेऊन बसलात?

पुरावा तुमच्याच गाडीवर असेल. संध्याकाळी सूर्य समोर ठेवून गाडी चालवताना वायपर फिरतो तेवढ्या भागात बारीक कमानी दिसतात का, ते बघा. सकाळी घाईघाईत, पाणी न मारता, लाल काचेवर वायपर चालवल्याची ती सही आहे. बॉनेटवर तुमचं फडकं रोज तेच करतं.

पण मग पद्मिनीला काही झालं नाही ते कसं? कारण ती पद्मिनी होती. त्या काळातल्या गाड्यांचा रंग बहुधा सलग असे, वरपासून खालपर्यंत तोच. ओरखडा पडला तरी तो रंगातच पडे, आणि मधूनमधून पॉलिश घासलं की निघून जाई. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, क्लिअर कोट म्हणतात तो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बहुधा कमीच. गाडीची चकाकी म्हणजे तो थर. पॉलिश करताना तोच थोडा थोडा झिजतो, त्यामुळे ‘ओरखडे पडले तर पॉलिश करू’ हा हिशेब फार वेळा चालत नाही. आताची गाडी पांढरी आहे असं तुम्हीच लिहिलंय. पांढऱ्यावर हे लपतं. रात्री मोबाईलचा टॉर्च एखाद्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या दारावर धरा, उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांनी गेलेले असतात. उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल वाटतात. गंमत आहे, पण महागडी.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, खास करून सत्तरी-सांग्याच्या बाजूला, पहाटे दव पडतं. रात्रभर बसलेली धूळ त्यात ओली होते, टपावरून ओघळते, आणि सूर्य वर आला की थापलेल्या चिखलासारखी घट्ट चिकटते. नेमक्या त्याच वेळी फडकं बाहेर निघतं. दव आहे म्हणजे गाडी ‘ओली’ आहे, सहज पुसून निघेल, असं वाटतं. तेवढं पाणी कण उचलायला पुरत नाही, फडक्याला चिकटवायला मात्र पुरतं.

आता पाण्याचं. तुमचा हा राग मला पूर्ण पटतो, म्हणूनच उत्तर सोपं आहे: रोज काहीच करू नका. गाडीवर नुसती बसलेली धूळ रंगाला ओरखडत नाही, ती पुसताना ओरखडे पडतात. काचा, आरसे, दिवे आणि नंबर प्लेट तेवढी भरपूर पाणी मारून साफ ठेवा, बाकी गाडी आठ-पंधरा दिवस लाल राहू दे. सावर्ड्यात लाल गाडी बघून कोण नावं ठेवणार आहे?

धुवायच्या दिवशी गाडी सावलीत घ्या आणि बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. आधी हात न लावता, फक्त पाण्याने, टपापासून खाली. चाकांवरच्या कमानींत आणि दाराखालच्या पट्टीवर जास्त वेळ द्या, कच तिथेच साचते. मग गाडी धुवायच्या शाम्पूचं पाणी फवारा. यासाठी बागायतीतला हातपंप छान चालतो, फक्त तणनाशकाला वापरलेला नको. तीन-चार मिनिटं राहू द्या, पण सुकू देऊ नका, आणि परत पाणी मारा. इतकं झालं की करकरणारे बहुतेक कण कशाचाही स्पर्श न होता खाली गेलेले असतात. फडकं यानंतर. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दर दोन-तीन हातांनंतर फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो लाल गाळ बसतो, तो एरवी परत दारावर फिरला असता. मायक्रोफायबरचं म्हणाल तर त्याच्या लांब धाग्यांत कण आत शिरतो, सपाट सुती फडक्यावर तो वरच राहतो. एवढाच फरक, आणि त्याची किंमत काही फार नसते. चाकांचं आणि खालच्या पट्टीचं फडकं वेगळं ठेवा. शेवटी पुसताना घासू नका, टॉवेल पसरून टिपून घ्या. बोअरवेलचं पाणी असेल तर हे टाळू नका, सुकलेल्या थेंबांचे डाग नंतर जाता जात नाहीत.

एवढ्याला चार-पाच बादल्या पुरतात. नळी सोडून ठेवली तर तेवढं पाणी पाच-सात मिनिटांतच जातं. जूनमध्ये तर पहिलं काम पाऊसच करून देतो, गाडी उघड्यावर लावा आणि तासाभराने फडकं घेऊन बाहेर या.

भांडी घासायच्या लिक्विडबद्दल तुम्ही विचारलंत. एखाद्या वेळी वापरलंत म्हणून आभाळ कोसळत नाही. पण ते तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, त्यामुळे गाडीवरचं वॅक्सही धुऊन नेतं. दर वेळी नको.

दोन गोष्टींना मात्र पंधरा दिवस थांबू नका. एक, पक्ष्यांची आणि वटवाघळांची घाण. ती उन्हात लॅकरमध्ये उतरते. ओला कपडा दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचला, खरवडू नका, तिच्यात बिया असतात. दुसरी, समुद्रकाठचा खारा वारा. मिरामारला दिवसभर गाडी उभी राहिली तर घरी येऊन साधं पाणी मारा. तिथे मात्र आपलं दुखणं कॅनडावाल्यांसारखंच.

राहिला तुमच्या इमारतीतला तो मुलगा, जो महिन्याच्या पैशांवर रोज सगळ्या गाड्या एकाच फडक्याने पुसतो. त्याचं काम काढून घ्या असं मी म्हणत नाही. पैसे तेवढेच द्या, रोज फक्त काचा धुवायला आणि आतली मॅट झटकायला सांगा, आणि रविवारी दोन बादल्या देऊन गाडी धुऊन घ्या. तुमच्या गाडीचं फडकं मात्र तुमच्या घरी ठेवा. खालच्या मजल्यावरच्या टिप्परवाल्याची गाडी पुसून झाल्यावर ते तुमच्या दाराला लागायला नको.