एका पौंडाची आगबोट आणि आपली विक्रांत

‘आयएनएस विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका १९९७ साली नौदलातून निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. मुंबईतल्या दारूखाना या जहाजं मोडण्याच्या जागी तिचे तुकडे झाले. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या वेळी तर २०१८ साली राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायचा ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूरही केला होता. तरी २०२० साली ती भंगारासाठी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्याला लागली. दोन्ही वेळा आपल्याकडचा वाद एकाच जागी अडला: पैसे कोण देणार? सरकार देत नाही म्हणून संताप, आणि शाळा-दवाखाने सोडून जुन्या लोखंडावर कसले कोटी घालायचे, असं त्यावर उत्तर. दोन्ही बाजू बोटीला जागेवर उभी करण्याचाच हिशेब मांडत होत्या.

ग्लासगोहून हा वाद वाचताना क्लाइड नदीवरची ‘वेव्हर्ली’ सारखी समोर येते. ही समुद्रात प्रवासी नेणारी जगातली शेवटची पॅडल स्टीमर, म्हणजे दोन्ही कुशींना चाकं असलेली आगबोट. १९७३ च्या हंगामानंतर तिला सेवेतून काढलं आणि १९७४ साली कॅलेडोनियन मॅकब्रेन या सरकारी मालकीच्या बोट कंपनीनं ती पॅडल स्टीमरप्रेमींच्या संस्थेला एका पौंडाला विकली. ती पुन्हा वाफेवर धावेल असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. मे १९७५ मध्ये ती तिकीट काढलेले प्रवासी घेऊन निघाली आणि आजही उन्हाळ्यात निघते.

एक पौंड ही किंमत ऐकायला गोड आहे, पण तिच्यावरून काहीच कळत नाही. अशा बोटीचा खरा खर्च बॉयलरचा. वेव्हर्लीला १९८१ साली नवा बॉयलर बसला, मग २००० साली, आणि मग २०२० साली. म्हणजे ढोबळमानानं दर वीस वर्षांनी एकदा. याचं कारण इंजिनच्या रचनेतच आहे. तिचं इंजिन तिहेरी प्रसरणाचं: दर चौरस इंचाला १८० पौंड दाबाची वाफ आधी २४ इंची सिलिंडरमध्ये, तिथून ३९ इंचीत आणि शेवटी ६२ इंचीत जाते, आणि तिन्ही दट्ट्यांची धाव ६६ इंचांची. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेतल्यावर तिचं कंडेन्सरमध्ये पाणी होतं आणि तेच पाणी परत बॉयलरमध्ये जातं. सिलिंडरला घातलेलं तेल या पाण्याबरोबर थोडं थोडं बॉयलरमध्ये पोचतं. भट्टीच्या पत्र्याच्या पाण्याकडच्या अंगाला तेलाचा पातळ थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही. पत्रा तापतो आणि फुगतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू नळ्यांना बारीक खड्डे पाडतो. त्यात सहलीची बोट आज पेटवायची, उद्या विझवायची. तापण्या-थंड होण्यात सांधे ताणले जातात. पाणी रोज तपासलं, तेलाची गाळणी वेळेवर बदलली, तर ही झीज लांबवता येते. टाळता येत नाही.

२०१९ च्या मे महिन्यात बॉयलर नापास झाले आणि तिचा अख्खा हंगाम बुडाला. सभासद, प्रवासी आणि देणगीदारांकडून २३ लाख पौंड उभे करायचं ठरलं. लोकांचे पैसे जमत गेले आणि वर्षअखेरीस स्कॉटलंडच्या सरकारनं त्यात १० लाखांची भर घातली. त्याआधी २००० सालापासूनच्या मोठ्या डागडुजीला राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून वारशासाठी मिळणाऱ्या सार्वजनिक निधीचा आधार होता. इथं सगळं लोकांच्याच बळावर चालतं, सरकारकडे कुणी हात पसरत नाही, असं आपल्याकडे मोठ्या आदरानं सांगितलं जातं. ते खरं नाही. सार्वजनिक पैसा इथंही लागतो. फरक त्या पैशाच्या क्रमात आहे. सरकारपुढे अर्ज गेला तेव्हा बोट चालवून चव्वेचाळीस वर्षांची तिकीटविक्री हातात होती, धक्के ठरलेले होते, कर्मचारी होते. कागदावरच्या आराखड्यासाठी कुणी पैसे मागितले नव्हते.

या बोटी मुळात तिकिटावर जगण्यासाठीच बांधलेल्या होत्या. १८१२ साली हेन्री बेलची ‘कॉमेट’ ग्लासगो, ग्रीनॉक आणि हेलेन्सबरादरम्यान धावू लागली. युरोपातली धंद्याच्या पायावर टिकलेली ही पहिली आगबोट सेवा. पुढच्या शंभर वर्षांत क्लाइडवर रेल्वे कंपन्यांनी आपापले ताफे उभे केले. ग्लासगोच्या गिरण्या आणि गोद्यांतले कामगार जुलैच्या सुट्टीत मुलाबाळांसह नदी उतरून रॉथसी, डनून या किनाऱ्यावरच्या गावांना जात. ब्रिस्टल खाडीत पी. अँड ए. कॅम्पबेल या कंपनीच्या पांढऱ्या धुराड्यांच्या बोटी होत्या, थेम्सवर लंडनकरांच्या.

चाकांवर भर का, हे समजून घेतल्याशिवाय या बोटींचं मरणही समजत नाही. अशी बोट फार खोल बुडत नाही, त्यामुळे उथळ धक्क्यालाही लागते. चाकं मोठी, त्यामुळे उलटी फिरवली की बोट चटकन थांबते. दिवसात आठ-दहा धक्के घ्यायचे तर हे दोन्ही गुण सोन्याचे. चाकाला फळ्या नुसत्या पक्क्या ठोकल्या, तर फळी शिरताना पाण्याला चापट मारते आणि निघताना पाणी वर उपसते. दोन्हीकडे ताकद वाया. म्हणून वेव्हर्लीच्या प्रत्येक चाकाच्या आठही लाकडी फळ्या बिजागरीवर बसवल्या आहेत. चाकाच्या मध्यापासून किंचित सरकवलेल्या दुसऱ्या केंद्राला त्या दांड्यांनी जोडलेल्या असतात. चाक फिरतं तसे दांडे फळीला वळवतात आणि पाण्यातून जाताना ती जवळपास उभी राहते. यातला एकच दांडा पक्का, बाकीचे खिळीवर फिरणारे. खिळींचे बुश झिजले की फळ्या खडखडू लागतात. तेव्हा दुर्लक्ष केलं तर एखादा दांडा तुटतो आणि सुटलेली फळी शेजारच्या फळ्यांना घेऊन जाते. पाण्यातला ओंडका चाकात गेला तर हेच एका क्षणात होतं. कॅम्पबेलची ‘ब्रिस्टल क्वीन’ ही १९४६ ची देखणी बोट. ऑगस्ट १९६७ मध्ये तिचं एक चाक मोडलं. दुरुस्तीला पैसे नव्हते. पुढच्या वर्षी ती भंगारात गेली.

चाकं दोन असली तरी दोन्ही एकाच आसावर बसवलेली असतात. एक पुढे, एक मागे असं करून बोट जागच्या जागी वळत नाही. शिवाय मागे पंखा (प्रोपेलर) असलेल्या बोटीत पंख्याचं पाणी थेट सुकाणूवर जातं, इथं तसं जात नाही. वेग गेला की सुकाणूही गेलं. म्हणून कप्तानाला धक्क्याकडे वेगातच यावं लागतं आणि शेवटच्या क्षणी चाकं उलटी घ्यावी लागतात. अशा वेळी धक्का बघायला सगळे प्रवासी एका कठड्याला जमले, तर एक चाक खोल बुडतं, दुसरं हवेत येतं आणि बोट आपसूक वळू लागते. चाकांना बुडीचा फरक सोसत नाही, हे मुंबईलाही फार लवकर कळलं होतं. मुंबई गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही चाकांची आगबोट मार्च १८३० मध्ये एडनमार्गे सुएझला निघाली, तेव्हा कोळसा एडनपर्यंत पुरेल अशा हिशेबानं सलून आणि केबिनसुद्धा त्यानंच भरल्या होत्या. सुरुवातीला चाकं नको इतकी खोल, आणि कोळसा संपत आला की ती वर.

गर्दीचा विषय निघाला की ‘प्रिन्सेस ॲलिस’ टाळता येत नाही. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी थेम्सवर सहलीहून परतणाऱ्या या चाकांच्या बोटीला ‘बायवेल कॅसल’ या कोळशाच्या जहाजानं मधोमध धडक दिली. चार-पाच मिनिटांत ती बुडाली, सुमारे साडेसहाशे माणसं गेली. समोरून येणाऱ्या जहाजानं कुठल्या बाजूनं जायचं याबद्दल दोन्ही कप्तानांची समजूत वेगळी होती, आणि त्याच पट्ट्यात लंडनचं सांडपाणी थोड्याच वेळापूर्वी सोडलेलं होतं. त्यानंतर नदीवर बाजू ठरल्या आणि पोलिसांना वल्ह्यांच्या होड्यांऐवजी वाफेच्या लाँच मिळाल्या. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ सहाशेहून अधिक जणांना घेऊन बुडाली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला; ८४ प्रवाशांच्या परवान्याच्या त्या लाँचवर शंभरहून जास्त माणसं होती. वारशाची भाषा बोलणाऱ्यांनी आधी डोकी मोजायला शिकलं पाहिजे. चालत्या बोटीचा वारसा प्रवाशाच्या सुरक्षेपासून वेगळा काढता येत नाही.

इथलं सगळं जपलं गेलं, असंही समजू नये. मोटारी आल्या, स्वस्त विमानांनी लोक स्पेनला जाऊ लागले, एकेक धक्का बंद पडला. धक्का गेला की बोट संपते, बॉयलर नंतर. वेव्हर्लीची जोडीदार ‘कॅलेडोनिया’ थेम्सवर पब झाली आणि १९८० मध्ये जळाली. १९३७ ची ‘राइड’ आइल ऑफ वाइटवर चिखलात गंजून मोडून पडली. पब, रेस्टॉरंट, हॉटेल हे मार्ग इथं अनेकदा वापरले गेले आणि बहुतेक वेळा फसले, कारण इंजिन बंद असलेल्या बोटीत पत्र्याकडे कुणी बघत नाही. तळ आतून कुजतो आणि वर दिवे चालू असतात. आपल्याकडे ‘तरंगतं हॉटेल करा’ असं सुचवणाऱ्यांनी राइडचे फोटो बघावेत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून सात फेऱ्यांत सुमारे सात हजार सैनिक परत आणणाऱ्या ‘मेडवे क्वीन’ या पॅडल स्टीमरचं जुनं कलेवर वाचवण्यापलीकडे गेलं होतं. ब्रिस्टलच्या गोदीत तिचा सांगाडा नव्यानं बांधला, आणि वेल्डिंग न करता जुन्या पद्धतीनं रिव्हेट ठोकून. रिव्हेट लालभडक तापवणारा, तो भोकात धरणारा आणि दुसऱ्या बाजूनं ठोकणारा, अशी टोळी लागते. ती आता सहज मिळत नाही. लॉटरीच्या पैशातून त्या बोटीबरोबर ही कारागिरीही पुन्हा शिकवली गेली. मला यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

म्हणून घरच्या वादात माझं मत असं. विक्रांत चालवता येण्यासारखी नव्हतीच. वीस हजार टनांची युद्धनौका लोकवर्गणीवर कुणी चालवत नाही. तिच्यासाठी हळहळ खरी, पण तिच्याच मापानं सगळा विचार केल्यामुळे लहान बोटी आपल्या नजरेतून सुटल्या. कोकणात फत्तेमारी आणि मचवा ही शिडाची लाकडी गलबतं बांधणारे सुतार आहेत, ती चालवणारे तांडेल आहेत. एक फत्तेमारी नव्यानं बांधून, पावसाळा सोडून, मोजके प्रवासी घेऊन चालवायची असेल तर लागणारी रक्कम ८५२ कोटींच्या जवळपासही जात नाही. पण नुसती बोट पुरत नाही, धक्काही लागतो. कोकणच्या प्रवासी बोटी बंद पडल्या तेव्हाही बहुतेक बंदरांत आगबोट बाहेर उभी आणि माणसं पडावातून, म्हणजे लहान होडीतून उतरायची, अशी स्थिती होती. भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्याही चढवून नेणारी रो-रो सेवा २०२० पासून चालू शकली, कारण मांडव्याला लाटा अडवणारा बांध आणि नीट धक्का आधी झाला. तेव्हा पहिला पैसा धक्क्याला, दुसरा सुताराच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांच्या पगाराला, आणि तिकिटाच्या प्रत्येक रुपयातला ठरलेला हिस्सा पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात, मोठ्या दुरुस्तीसाठी. हे खातं नसेल तर बोट पाण्यात उतरवूच नये.