खुलासा: ‘मॅप्स ४’मुळे विक्रीकर वाढलेला नाही
‘अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत मॅप्स ४ (विक्रीकराच्या पैशांतून शहरातली सार्वजनिक कामं करण्याची योजना) आली आणि विक्रीकर एका सेंटने वाढला’, हा दावा चुकीचा आहे. डॉलरमागे एक सेंटचा ‘मॅप्स ३’ कर एप्रिल २०१० ते डिसेंबर २०१७ चालला. पुढचे २७ महिने तोच सेंट प्रामुख्याने रस्ते आणि पदपथांकडे वळवला गेला आणि १ एप्रिल २०२० पासून आठ वर्षांसाठी तो ‘मॅप्स ४’कडे आला. म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर या खात्याचा बोजा एक डॉलरच राहिला.

‘मॅप्स ३’मधलं शहरातलं सिझरटेल पार्क कर्ज काढून बांधलं, हेही खरं नाही. पैसा जमेल तसं काम, अशी पद्धत असल्याने ७० एकरांच्या या उद्यानाचा वरचा भाग २०१९ मध्ये, तर खालचा २०२२ मध्ये खुला झाला. थांबावं लागलं खरं, पण व्याज भरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.