लॉ कॉलेज चौकात पिस्टन

बंटीची नवी बुलेट दसऱ्याला आली. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी उतरला तेव्हापासून त्यानं आमचं डोकं खाल्लं होतं. रविवारी सकाळी गाडीच नागपूरच्या लॉ कॉलेज चौकातल्या आमच्या कट्ट्यावर आणून उभी केली. हँडलला झेंडूचा हार, उकाडा असूनही अंगात रायडिंग जॅकेट. तर्री-पोह्यांची प्लेट हातात आली नाही तोच त्यानं जाहीर केलं, "इंजिन म्हणजे बुलेटचं. बाकी सारे मिक्सर."

गुड्डूची स्प्लेंडर दोन हातांच्या अंतरावर उभी होती, मागे औषधांची खोकी बांधलेली. गांधीबागेतून कामठी, कन्हान, कधी रामटेक, हा त्याचा रोजचा धंदा. पोह्यांवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पसरत तो म्हणाला, "तुले इंजिनाचा आवाज आयकाचा रायते बंटी. मले गाडी हाये हेच इसराचं रायते."

बंटी चिडला. "अबे, हिशोबानं बोल. माझं इंजिन ३४९ सीसी, ताकद २० बीएचपी. तुझं ९७ सीसी, ८ बीएचपी. इंजिनाच्या लिटरमागं ताकद काढ. माझ्यातून निघते ५७, तुझ्यातून ८२. मंग पिळून कोण रायलं?"

"बापा! भागाकार कधी शिकला बे?" कट्ट्यावरचे काका म्हणाले. "दहावीत गणितानंच तर अडवलं होतं तुले."

"काका, ते जुनं काढू नका."

मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी तेव्हाच म्हटलं. पण गुड्डूनं खिशातून मोबाइल काढला आणि थंडपणे विचारलं, "स्ट्रोक किती तुझ्या गाडीचा?"

स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सिलिंडरात किती वर-खाली जातो, हे बंटीला माहीत नव्हतं. रंगाचं नाव माहीत होतं, सायलेन्सरचं माहीत होतं.

"८५.८ मिलिमीटर. माझा ४९.५. तुझी गाडी पूर्ण ताकद देते ६,१०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाले तेवढे फेरे, माझी ८,००० वर. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली, एकदा वर. कर गुणाकार. तुझा पिस्टन सेकंदाले सरासरी १७ मीटर धावते, माझा १३. पिस्टनच्या रिंगा कोनाच्या घासतीन?"

केटीएम ड्यूक बाइकवाला पोट्टा, काकांचा पुतण्या, मध्येच हळूच म्हणाला, "माझा स्ट्रोक ६० आहे. ९,००० वर किती होते?"

"१८," गुड्डू म्हणाला. "म्हणजे ह्या राजदूतासारख्या बसलेल्या गाडीत अन् तुझ्या रॉकेटमध्ये पूर्ण पिळल्यावर एक मीटरचाच फरक."

इथं मी बंटीची बाजू घेतली, कारण खरं ते खरं. बुलेटवाला ६,१०० पर्यंत जातोच कधी? ३,००० वर निवांत चालवली तर तोच वेग साडेआठ मीटरवर येतो. लांब स्ट्रोकची मजा तीच आहे, खालच्या आरपीएमवर ओढ मिळते. बंटीनं माझ्या पाठीवर थाप मारली. गुड्डू म्हणाला, "हाव, मानलं. फक्त त्याले ३,००० वर चालवता आली पायजे."

मग जुन्या कास्ट आयर्न बुलेटची गोष्ट निघाली. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर असं ते ३४६ सीसी इंजिन, अठराएक बीएचपी. ताण म्हणाल तर नावाला नाही. तरी तेल गळण्यासाठी ते देशभर प्रसिद्ध. काऊन? मला या सगळ्या वादात हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण टिकाऊपणा म्हटलं की सगळे ताकदीचे आकडे मोजतात आणि जोड कोणी मोजत नाही. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, क्लचकडचं कव्हर वेगळं, ड्राय संप म्हणजे तेल वेगळ्या कप्प्यात, तिथून पंपानं फिरवायचं, आणि प्रत्येक जोडावर एक गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी पातळ पट्टी. पुढे यूसीई, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन, आलं, इंजिन आणि गिअरबॉक्स एका खोक्यात गेले, वाल्व हलवणारे टॅपेट हायड्रॉलिक झाले, आणि गळतीची बदनामी पुष्कळ ओसरली. होंडानं १९५८ सालच्या सुपर कबमध्ये आडवं सिलिंडर, गिअरबॉक्स आणि क्लच आधीच एकत्र बसवलं होतं. गुड्डूच्या स्प्लेंडरचं इंजिन त्याच घराण्यातलं. म्हणून त्याच्या खोक्यांना तेलाचा डाग लागत नाही, आणि म्हणून मी गुड्डूच्या बाजूचा.

काकांना राहवेना. त्यांची यामाहा आरएक्स हंड्रेड, जुनी टू-स्ट्रोक गाडी, घरी झाकून ठेवलेली असते. "टू-स्ट्रोकले ना कॅम, ना कॅमचे वाल्व, ना टायमिंग चेन. जे नाईच ते बिघडन कसं?"

"काका, तुमचं बोअर-स्ट्रोक ५० बाय ५०, माझं ५० बाय ४९.५. सख्खे भाऊच," गुड्डू म्हणाला. "पण तुमच्यात प्रत्येक फेऱ्याले स्फोट, माझ्यात एक फेरा सोडून. तुमच्या रिंगा सिलिंडरातल्या पोर्टच्या भोकांवरून घासत जातात. अन् तेल पेट्रोलसंगं जळून जाते, परत येत नाई. तेलाची टाकी खाली झाली की पिस्टन बसलाच."

"नाई बसत."

"कोंढाळी," गुड्डू म्हणाला.

बस्स, एवढाच शब्द. चिखलदऱ्याला निघालो होतो आणि टू-टी ऑइल, म्हणजे तेच टू-स्ट्रोकचं तेल, भरायचं काकांच्या लक्षातच नव्हतं. कोंढाळीपाशी इंजिन जाम.

"तो ऊनाचा दोष होता," काका म्हणाले. पोट्ट्याला संधी मिळाली. त्याच्या ड्यूकसारखं पाण्यानं थंड होणारं इंजिन मे महिन्यातही सिग्नलवर आपलं तापमान धरून ठेवतं, हे तो तळमळीनं सांगू लागला. मुद्दा बरोबर होता, पण रेडिएटर, पंखा, पंप, थर्मोस्टॅट असे चार भाग वाढतात, त्यांचं काय, हे कोणी विचारायच्या आत बंटी ओरडला, "कोंढाळीवरून ओढत कोनं आणलं तुम्हाले? माझ्या बाबाच्या बुलेटनं! अन् माझी नायलॉनची दोरी कुठं हाये?"

काका पोह्यात चमचा फिरवत राहिले.

"काका, दोरी."

"हाये ना घरी. काकूनं गच्चीवर बांधली. कपडे वाळत घालते."

"सात वर्षं?"

"एकदाही तुटली नाई बे," काका अगदी गंभीरपणे म्हणाले. "ना तेल, ना सर्व्हिसिंग."

बंटी जॅकेटसकट कट्ट्यावर आडवा झाला. पोहेवाला भाऊही हसत होता, आणि हसता हसता त्यानं सगळ्यांचे पैसे काकांकडूनच घेतले.