या, बसा, पण तिथे नको

चर्चमध्ये नवं माणूस आलं की पहिलं काम हेच: ते आपल्या बाकावर तर बसलेलं नाही ना, हे बघून घ्या. बसलं असेल तर ओरडू नका, आपण ख्रिस्ती माणसं. नुसतं शेजारी जाऊन उभं राहा, घसा खाकरा आणि हसत सांगा, "आम्ही आजोबांपासून इथंच बसतो हं." आजोबांच्या स्मरणार्थ बाकाला पितळी पट्टी ठोकलेली असेल तर बोलायचेही कष्ट नकोत, पट्टीवर बोट ठेवलं की भागतं. सोन्याची अंगठी घालून येणाऱ्याला चांगली जागा देता आणि गरिबाला पायाशी बसवता, म्हणून याकोबानं बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळीला झापलं आहे. मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे पुढच्या बाकांवर अंगठीला कुणी विचारत नाही. तिथं पणजोबा लागतात.

जागेचा प्रश्न मिटला की ओळख करून घ्या. नुसतं नाव विचारण्यात वेळ घालवू नका, नावावरून काही कळत नाही. आडनाव विचारा, मग गाव, मग "म्हणजे मूळ कुठल्या मिशनचे तुम्ही?" अमेरिकन मिशनचे, एसपीजी या इंग्लिश मिशनचे की स्कॉच मिशनचे, हे ठरल्याशिवाय चहाचा कप पुढे करू नये. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली खरी, पण तो वरच्या लोकांचा कारभार. चहाच्या टेबलापर्यंत त्याचं पत्र अजून पोचलेलं नाही.

आणि खरा प्रश्न तर मिशनचाही नसतो. बाप्तिस्म्याला चार पिढ्या उलटल्या, तरी त्याआधी पाहुण्यांचं घर वेशीच्या आत होतं की बाहेर, हे कळायला हवंच ना! पण ते थेट विचारायचं नसतं. "तुमच्याकडच्या सोयरिकी साधारण कुठं कुठं होतात?" एवढं गोड आवाजात विचारलं की माणूस आपणच सांगून मोकळा होतो. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना जागा ठेवली. असली धाडसं कवींना शोभतात. आपण पेटी-तबल्यावर त्यांची भजनं म्हणावीत, तीही अगदी डोळे मिटून, म्हणजे शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही.

सूचना वाचताना सेक्रेटरींनी "आज प्रथमच आलेल्यांनी कृपया उभे राहावे" असं जरूर म्हणावं. सगळी मंडळी माना वळवून बघेल, टाळ्या वाजतील, ते माणूस लाल होऊन खाली बसेल. स्वागत झालं! पुढच्या रविवारी पुन्हा बोलायची गरज नाही. दाराशी पाळकसाहेबांनी हस्तांदोलन करावं, मात्र नजर त्याच्या खांद्यावरून मागे, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेल्या साहेबांवर असावी.

समजा ती एखादी नर्स असेल. नगरकडच्या खेड्यातून पुण्यात नोकरीला आलेली, रात्रपाळी करून परस्पर उपासनेला येणारी, सगळ्यात मागे दाराजवळ बसणारी. ती नर्स आहे हे कळेपर्यंत तिच्याशी कुणी बोलू नये. कळलं की मात्र तिला घेराव घाला. "बीपी बघतेस का गं जरा?" "तुमच्या हॉस्पिटलात बिलात काही कमी होतं का?" ती जेवली का, राहते कुठे, सुट्टीच्या दिवशी एकटी काय करते, या खाजगी गोष्टी. त्यात आपण नाक खुपसू नये.

नाक खुपसायची अधिकृत जागा वेगळी आहे. तिला प्रार्थनेचा विषय म्हणतात. अमक्याचा मुलगा प्यायला लागलाय, तमकीची मुलगी सासरहून परत आलीये, असं नुसतं बोललं तर ती चहाडी. तेच महिला मंडळात डोळे मिटून, हुंदका आवरून, "भगिनींनो, बाहेर कुठं बोलू नका, पण या घराला आपल्या प्रार्थनेची फार गरज आहे" असं म्हटलं की सेवा. तपशील भरपूर द्यावेत, नाहीतर भगिनींनी नेमकी कशासाठी प्रार्थना करायची? संध्याकाळपर्यंत हा भार सगळ्या मंडळीनं वाटून घेतलेला असतो. फक्त त्या घरी जाऊन दार वाजवायचं तेवढं राहून जातं, पण तिकडे जायला तोंड कुणाला आहे?

बाकी जिव्हाळ्याला व्हॉट्सॅप ग्रुप आहेच. वाढदिवसाची यादी लावून ठेवावी म्हणजे कुणी सुटत नाही. गेल्या वर्षी प्रभूघरी गेलेल्या काकांनाही पुष्पगुच्छ आणि "बहुत आशीर्वाद, दीर्घायुषी व्हा" पोचतं. बायबलमधल्या प्रेषित पौलाकडे ही सोय नव्हती. रोमला तोवर पाऊलही न टाकलेला हा माणूस रोमकरांना पत्र लिहितो आणि सोळाव्या अध्यायात पंचवीसेक जणांना नावानिशी सलाम सांगतो. प्रिस्क, अक्विला, पर्सिस... रूफाच्या आईबद्दल तर "ती मलाही आईच" म्हणतो. वेळ खूप असावा. शिवाय चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूकही जवळ आली असणार, कारण इतकी नावं आपल्यालाही तेव्हाच आठवतात. त्या दिवसांत मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचीही चौकशी होते. मात्र त्याआधी मतदार यादीत त्यांची वर्गणी भरलेली आहे की नाही, ते पाहून घ्यावं. थकबाकीदाराच्या गुडघ्यांवर आवाज का वाया घालवा?

एवढं सगळं करूनही ती नर्स एक दिवस यायची बंद होईल. ते लगेच लक्षात येणार नाही, नाताळच्या आसपास कुणाचं तरी बीपी वाढेल तेव्हा येईल. चौकशीअंती कळेल, की ती हल्ली भाड्याच्या हॉलमधल्या कुठल्याशा फेलोशिपला जाते. तिथं पत्र्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारा ड्रम आणि उपासनेनंतर सगळ्यांना खिचडी. अशा वेळी घाबरू नये. ते लोक मेंढरं पळवतात, असं ठासून सांगावं. तरुण पिढी चर्चपासून दूर का जाते, यावर कमिटीची तातडीची बैठक घ्यावी, उपसमिती नेमावी आणि ठराव एकमतानं मंजूर करावा. ठरावात तिचं नाव घालायचं असेल तर नोंदवहीत बघा. नाही सापडलं तर "एक भगिनी" लिहा, कुणी हरकत घेणार नाही.