क्रेडिट तासांचं नव्हे, शिकण्याचं

‘विद्यापीठातलं समाजाशी जोडलेलं शिक्षण म्हणजे नुसतं श्रमदान, तास भरले की क्रेडिट’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीनं एखाद्या सामाजिक संस्थेच्या कपाटातले जुने फॉर्म लावून दिले, ती झाली मदत. त्याच फॉर्मांत लोक कोणता प्रश्न कोरा सोडतात हे तिनं शोधलं, कार्यकर्त्यांशी बोलून तो बदलला, आपलं कुठं चुकलं तेही लिहिलं, तर तो अभ्यास, क्रेडिट त्याचं. (चुकलेलं लिहिणंच बहुतेकांना जड जातं.) आणि हो, भागीदार संस्था ही प्रयोगशाळा नव्हे. समाजाशी जोडून काम करणाऱ्या विद्यापीठांना अमेरिकेत २००६ पासून दिलं जाणारं ‘कार्नेगी वर्गीकरण’ही विद्यापीठ आणि समाज यांच्यातली देवाणघेवाण दोन्ही बाजूंच्या फायद्याची आहे का, हेच बघतं. काम कोणतं हवं, हे संस्थेनंही ठरवायचं असतं.