बहिणींनो, एकमेकींच्या घरी राहायला जाऊ नका

मत आधीच सांगून टाकते, मग हवं तर भांडा. संसारात मुरलेल्या बहिणींनी एकमेकींच्या घरी राहायला जाणं बंद करावं. समुद्रकाठी कुठेतरी खोली घ्यावी आणि तिथे भेटावं. तेही थंडीत, जमलं तर संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत.

घरी का नको? कारण घर कोणा एकीचं असतं. ताई ऐरोलीला, मी ठाण्यात, धाकटी नेरुळला. तिघी एकाच ट्रान्स हार्बर लोकलच्या रुळांवर. ताईकडे जमलो की ताई उठल्यापासून ओट्याशी आणि आम्ही दोघी "तू बस गं जरा" म्हणत तिच्या मागे उभ्या. माझ्याकडे जमलो की यांचा डबा, मुलाचा क्लास आणि नेमकी त्याच दिवशी कामवालीची दांडी. धाकटीकडे तिच्या सासूबाई असतात. बाई चांगल्या आहेत, पण आम्ही तिघी हळू आवाजात बोलायला लागलो की त्यांना वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय. (बऱ्याचदा चाललेलं असतंच.)

आई-बाबा होते तोवर डोंबिवलीचं घर होतं. तिथे तिघी सारख्याच लोळायचो. ते विकलं गेलं आणि आमच्या भेटी कार्यापुरत्या उरल्या. साखरपुडा, बारसं, तेरावं. ऐरोली ते ठाणे मधे एक स्टेशन, पण कारण असल्याशिवाय जाणं होत नव्हतं.

आता संक्रांतीचं. ताईचे यजमान गेले त्यानंतरच्या जानेवारीत तिच्या सोसायटीत नेहमीसारखी हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली. तिच्या मजल्यावर यायची आणि तिचं दार वगळून पुढे जायची. वाईट कोणीच वागलं नाही. उलट दोघी-तिघी मुद्दाम तिळगूळ घेऊन घरी आल्या, आवाज उतरवून बोलल्या, दहा मिनिटांनी उठल्या. ताईला ते जास्त लागलं. याच ताईने आजवर हौसेने वाणं लुटली होती, कोणाला काय आवडेल याचा दिवाळीपासून विचार करून. काही जणी म्हणतील, विधवांनाही बोलवायला हवं. अगदी बोलवा, आमच्या ठाण्यात बोलावणाऱ्या आहेतही. पण ताईला कोणाच्या सुधारणेचा विषय व्हायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मला त्या दिवसांत इथे नसायचंय." धाकटीने त्याच संध्याकाळी अलिबागजवळच्या नागावला खोली ठरवून टाकली. तेव्हापासून तो रिवाजच पडला.

नाताळ ते एकतीस डिसेंबर मात्र अलिबागच्या रस्त्याला फिरकू नका. वडखळपासून गाड्यांची जी रांग लागते, त्यात माणसाचा समुद्रावरचा विश्वास उडतो. एकतीस डिसेंबर उलटला की तोच किनारा रिकामा मिळतो, खोलीचे भावही खाली येतात. जायला एसटी आहेच. मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट, त्यामुळे तिघींचा प्रवास दीड तिकिटात होतो. पण आम्हाला दुसरी वाट आवडते. नेरुळहून उरणची लोकल (जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते), उरणहून रिक्षाने करंजा, करंज्याहून लाँचने रेवस, तिथून पुढे अलिबाग. वेळ जास्त जातो, सामान उचलायचा वैताग असतो, आणि ताई लाँचमध्ये चढताना प्रत्येक वेळी देवाचं नाव घेते. तरी तीच वाट.

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला चालत जायचं असेल तर ओहोटी साधावी लागते. अॅप आहेत, पण आमच्या खोलीच्या मालकीणबाई तिथीवर सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. रथसप्तमीला सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे भरती सव्वापाचच्या सुमाराला आणि ओहोटी साडेअकराच्या आगेमागे. मात्र सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे हटत नाही. गुडघाभर पाण्यातून साड्या खोचून जायचं, नाहीतर घोडागाडी करायची. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर, हे कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाइतकंच ताईला दर वेळी नवल वाटतं. मुंबईच्या गडबडीपासून पळून अलिबागला यायची रीतही जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्याने यंत्रं बिघडतील, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे हलवली. वेधशाळेला जे कळलं ते आम्हाला कळायला आई-बाबांचं घर जावं लागलं.

आणि पोपटी! वालाच्या शेंगा थंडीत, दवावर भरतात, म्हणून ही चैन याच दिवसांतली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला दाबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती गवत-पाचोळा पेटवायचा. ते सगळं दुसरं कोणीतरी करतं आणि आम्ही तिघी नुसत्या शेकत बसतो. ताई पहिल्यांदा तीनदा उठली होती मदत करायला. मालकीणबाईंनी तिला दामटून खाली बसवलं.

भांडणं होतात का? होतात. हटकून दुसऱ्या रात्री. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, हा आमचा कायमचा खटला. ठाण्यात तो सुरू झाला असता तर कोणीतरी पर्स उचलून रिक्षा केली असती आणि पुढे चार महिने फोन बंद. नागावला रात्री अकराला कुठे जाणार? पांघरूण एकीकडे ओढायचं, भिंतीकडे तोंड करून झोपायचं, सकाळी चहाला एकाच टेबलावर यायचं. खटल्याचा निकाल लागलेला नाही, पण धाकटीने त्या महिन्यांत ऑफिसमधून बिनपगारी रजा काढली होती, हे मला तिथेच कळलं.

पैशांचं एक सांगते. निघण्याआधीच तिघींनी सारखी रक्कम काढून एकीच्या पाकिटात टाकायची. नाहीतर थोरली खर्च करत सुटते आणि धाकट्यांना शरमल्यासारखं होतं.

रात्र काढणं शक्य नसेल तर ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट निघते, ती गाठा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, आणि आपल्यातल्या निम्म्यांनी ते पक्षी फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिलेत. पण माझ्या मते ती दुय्यम सोय. संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावायचा असेल तर दुपारी चारपासूनच डोक्यात डाळ भिजत पडते.

दर वर्षी आमच्या घरचे पुरुष विचारतात, आम्हालाही घेऊन चला की, गाडी आम्ही चालवू. आमचं उत्तर ठरलेलं आहे. तुम्हाला भाऊ आहेत, त्यांना घेऊन जा. अर्धं तिकीट मिळणार नाही, एवढंच.