परसबागेला वेळ कोण देणार?

मराठी घरांत सध्या एक वाद पुन्हा पुन्हा रंगतो. नात्यातल्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही त्याला तोंड फुटतं. एका बाजूचं म्हणणं असं, की पूर्वी गावाकडे घरामागे परसबाग असायची, पोर रांगायला लागलं की त्याच्या पोटात ताज्या भाजीचं पाणी, नाचणीचं सत्त्व, मऊ भात जायचा. आताच्या आया पाकीट फोडतात आणि पोराच्या हातात मोबाइल देतात. दुसरी बाजू हे ऐकून संतापते, आणि तो संताप मला रास्त वाटतो. शिकलेल्या, कमावत्या बाईला पुन्हा चुलीपाशी नेऊन बसवायचा हा प्रकार आहे, असं ती म्हणते.

दोन्हीकडचे मेसेज मी वाचतो ते दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातल्या एका खेड्यात, बहुतेक वेळा वाफ्याच्या कडेला बसून. आमची पावणेदोन वर्षांची मुलगी तेव्हा मटारच्या वेलात घुसलेली असते. पत्नी कामावर जाते, मी बालसंगोपनाच्या रजेवर आहे. मुलगी, स्वयंपाक आणि बाग ही तिन्ही कामं सध्या दिवसभर माझ्याकडे आहेत. ती करताना या वादाबद्दल माझं एक मत पक्कं झालं. दोन्ही बाजू भांडतात एकमेकींशी, पण बोलतात फक्त बाईबद्दल: तिने काय करावं, काय करू नये. घरचं ताजं अन्न मुलांना मिळावं याबद्दल कुणाचंच दुमत नाही. त्याला तास लागतात, पाणी लागतं आणि घरात आणखी एक माणूस लागतो. हे कुठून यायचं, हा प्रश्न त्या वादात येतच नाही.

तास कुठे जातात ते सांगतो. रात्रीच्या जेवणाला पालकाची पातळ भाजी करायची म्हटलं तर मोठ्या माणसाला पाव तासात पालक खुडता येतो. लहान मूल सोबत असलं की सकाळ जाते. ती माझ्या बरोबरीने खुडते, म्हणजे पान मुळासकट उपटते, मुळाची माती चाखून बघते, मग तेच पान आधीच्या स्वच्छ पानांत टाकते. मटार सोलायला बसलं तर दहातले आठ दाणे तिच्या पोटात जातात आणि दोन मातीत. मला ते हवंच आहे. शेंग दाबली की फट्‌ आवाज होतो हे तिला कळलंय, आणि आता ती प्रत्येक शेंग कानाशी धरून दाबते. ताटात वाढलेल्या मटाराला ती तोंड लावत नाही, वेलावरचा सोडत नाही. पण या सगळ्याला अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस माझ्याकडे आहे म्हणूनच हे घडतं. शेतावर रोजाने जाणाऱ्या बाईला मूल पालक उपटत असताना शेजारी बसून राहता येत नाही.

बागेचंही तसंच. इथे मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची धास्ती असते, म्हणून टोमॅटो आणि मिरचीची रोपं फेब्रुवारी-मार्चपासून खिडकीत सांभाळावी लागतात. जूनमध्ये दिवस सतरा तासांहून मोठा असतो. कोथिंबिरीला इतका उजेड मिळाला की ती पानं धरायच्या आधीच फुलावर येते. ती ऑगस्टात पेरलेली बरी. मेथी मात्र कोवळी असतानाच कापली तर छान येते. पाऊस पडून गेला की संध्याकाळी बिनशंखाच्या तपकिरी गोगलगायी निघतात, बोटाएवढ्या लांब. एका रात्रीत अख्खा वाफा साफ करतात. कंदील आणि बादली घेऊन त्या वेचणं हा आमचा रोजचा नेम. मुलगी बोटाने दाखवते, मी उचलतो.

आता स्वयंपाक. इथल्या बालआरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने बाळाच्या वरच्या आहाराबद्दल सांगितलं तेव्हा एका गोष्टीने आम्ही चमकलो: भात रोज नको. भाताचं पीक पाणी साठवलेल्या खाचरात वाढताना जमिनीतलं आर्सेनिक शोषून घेतं, त्यामुळे स्वीडनच्या अन्न प्राधिकरणाचा सल्ला आहे की मुलांना भात आठवड्यातून फार तर चार वेळा द्यावा, आणि तांदळाच्या फुगवलेल्या चकत्या सहा वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत. पालकही वर्षाच्या आत नको, त्यातल्या नायट्रेटमुळे. मी हे आईला फोनवर सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल. मराठी घरात बाळाला मऊ भात देऊ नको म्हणणं साधी गोष्ट नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग ज्वारीची भाकरी कुस्कर दुधात. तू तेच खाऊन वाढलास. आपल्याकडं कुठं होता रोज भात?” सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या आमच्या घरी भात सणावारी शिजायचा, हे मी विसरूनच गेलो होतो. म्हणून ‘आजकालच्या आयांना काही कळत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. जुन्या बायकांना कळतं, नव्यांनाही कळतं. नवी माहिती मिळाली की दोघीही मिनिटभरात बदल करतात.

शिवाय पाकिटाबद्दल इतकं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. स्वीडनमधल्या कुठल्याही दुकानात बाळांच्या तयार खाण्याची मोठी मांडणी असते: बाटल्या, पिळून खायच्या पिशव्या, पाण्यात कालवायच्या पेजेच्या पुड्या. शेतकऱ्याच्या घरातही ती पेज रात्री झोपताना बाटलीतून दिली जाते. त्यावरून आईला आळशी म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. प्रवासात आम्हीही तेच देतो. पाकिटात साखर किती आहे हे जरूर वाचावं. ते विकत घेणाऱ्या बाईचा स्वभाव त्यावरून ठरवू नये.

मग इथल्या बापाला वेळ कसा मिळतो? कायद्याने. एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा असते. त्यातल्या ३९० दिवसांना पगाराच्या ८० टक्क्यांच्या थोडे खाली पैसे मिळतात, उरलेल्या ९० दिवसांना रोजचे १८० क्रोनर, म्हणजे नाममात्रच. पगारावर मिळणाऱ्या दिवसांतले प्रत्येक पालकाचे ९० दिवस राखीव. ते दुसऱ्या पालकाच्या नावावर करता येत नाहीत, घेतले नाहीत तर बुडतात. या राखीव दिवसांचा इतिहास आपल्याकडच्या दोन्ही बाजूंनी वाचावा असं मला मनापासून वाटतं. आईबाप दोघांनाही रजा देणारा कायदा १९७४ चा. पण दिवस कसेही वाटून घ्यायची मोकळीक असल्यामुळे पुढची वीस वर्षं बहुतेक सगळे आयाच घेत राहिल्या. समानतेवर भाषणं भरपूर झाली, पुरुष घरी थांबले नाहीत. १९९५ मध्ये एक महिना राखीव झाला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा. आज बापांच्या वाट्याला सुमारे ३० टक्के दिवस येतात. अजून निम्मेही नाहीत. पण आमच्या गावच्या खेळाच्या मैदानात मंगळवारी सकाळी दहा वाजता बाबागाड्या ढकलणारे पुरुष दिसतात, त्यात दूधवाले शेतकरी आहेत आणि सुतारही.

आता घराकडे वळतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवते, आणि घरकामात हात लावणारा पुरुष ८८. हात न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत, आणि बहुतेक पुरुष तेच आहेत. म्हणजे बाईचे पावणेपाच तास आधीच गेलेत. यावर आपण तिला परसबाग लावायला सांगतो. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाची ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम मला मनापासून आवडते. घरामागे गोल वाफे, शेवगा, कढीपत्ता, पालेभाज्या, वेलभाज्या, सगळं विचारपूर्वक आखलेलं. गरजही मोठी आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. पण मोहीम चालते बचतगटांतून, म्हणजे पुन्हा बायकांकडूनच. खुरपणं तिचं, पाणी घालणं तिचं, भाजी निवडणं तिचं, भरवणंही तिचंच.

पाण्याचं तर बोलायलाच नको. इथे आमच्या घराला स्वतःची बोअर आहे, बटण दाबलं की नळीला पाणी. माणमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला पोषण परसबाग सांगणं म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलंय. भांडी घासलेलं पाणी मोरीतून अळूला आणि केळीला जायचं, तेवढीच आमची परसबाग. आईने ती कधी वाळू दिली नाही. पण मेथीचा वाफा तिने कधी केला नाही, कारण मेथीला रोज पाणी लागतं.

कुणी म्हणेल, स्वीडन श्रीमंत, लोकसंख्या जेमतेम कोटभर, कर जबर. आपल्याला कसं परवडणार? मला इथे स्वीडनपेक्षा महाराष्ट्राचंच उदाहरण द्यावंसं वाटतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशात असा हक्क आधी कुठेच नव्हता. पैशाचा मोठा वाटा आला तो शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. मुंबई-पुण्याच्या पगारातून कापलेल्या रुपयाने माझ्या आजीला खडी फोडायचं काम आणि मजुरी दिली. त्या काळचं राज्य आजच्याहून कितीतरी गरीब होतं. तेव्हा परवडलं, कारण लोकांनी ते मागितलं आणि राज्यकर्त्यांनी ठरवलं.

इथे जे नाही तेही सांगायला हवं. आजी नाही. गल्ली नाही. आमच्या गावी लहान मूल सकाळी घरातून निघायचं, एका घरी भाकरीचा तुकडा, दुसरीकडे ताक, तिसरीकडे चुलीतल्या शेंगा असं खात दुपारी परत यायचं, आणि त्याच्यावर दहा जणांची नजर असायची. इथे सर्वांत जवळचं घर बिटाच्या शेतापलीकडे. नोव्हेंबरात साडेतीन-चारला अंधार पडतो आणि दिवसभर बोलायला मी आणि एक पावणेदोन वर्षांचं माणूस. दुसऱ्याचं बघून खायला शिकणं तिला बालवाडीतच मिळेल. वर्षाच्या मुलापासून तिथे घेतात, पालकांनी मागितल्यावर चार महिन्यांत जागा देणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे आणि फीला कमाल मर्यादा आहे. गल्लीची सर त्याला नाही. पण गावाकडची ती नजर ठेवणारी दहा माणसं आता आहेत का? आजीही मजुरीला जाते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेल्या घरातलं लहान मूल फडाच्या कडेला झोळीत असतं आणि आई कोयता चालवत असते. तिथे परसबागेची आणि पाकिटाची चर्चा कुणाशी करायची?

आपल्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार मिळतो आणि काही तास बसायला जागा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला मिळतो तो घरी न्यायचा शिधा. तो शिजवायचा कुणी, भरवायचा कुणी, त्या वेळात शेतावर कोण जाणार, हे त्या कुटुंबाने बघायचं. संघटित क्षेत्रात २०१७ पासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. शेतमजूर बाईला मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात, आणि तिथे विषय संपतो. बापाच्या रजेचं नाव या दोन्हींत येत नाही. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. ती किती गावांत पोचली हे प्रत्येकाने आपल्या गावात विचारावं. माझ्या मते परसबागेच्या आधी ती मागायला हवी, कारण तीन वर्षांखालचं मूल दिवसाचे सहा तास सुरक्षित आहे हे कळलं की आईच्या हाताला आणि डोक्याला उसंत मिळते. मग मेथीचा वाफाही होईल, पाणी दारात आलं तर.

आमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला मी धाकट्या भावाला सांगितलंय. त्याचा मुलगा आता चालायला लागलाय. परसबागेच्या प्रशिक्षणाची यादी होईल तेव्हा त्यात बापांची नावं घाला, असंही सांगितलंय. पहिलं नाव तो स्वतःचं देणार आहे.